‘त्यांची वाडी’ आणि ‘आपली वाडी’

(चिखलोली येथे नोव्हेंबर 2004 मध्ये झालेल्या कार्यकर्ता शिबिरात निवडणूक-पाहणी गटाने केलेले भाषण. बोलले गेले तसेच ठेवले आहे. काही ठिकाणी फक्त वाक्ये जोडून घेतली आहेत.)



निकाल लागले त्या दिवशी संध्याकाळी आपल्या कार्यालयात काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. कुणीतरी बूथवार आकडे आणले. ज्या वाडीतून आपल्या मोर्चाला ट्रक भरून माणसं येतात, त्या वाडीच्या बूथवर धनुष्यबाण पुढे. मग एकेकाचा राग सुटला. एक म्हणाला, “ह्यांच्यासाठी आपण ठाण्याला कलेक्टरच्या दारात रात्र काढली.” दुसरा म्हणाला, “बाटलीला विकले गेले.” तिसऱ्यानं तर ठरावच मांडला, की अशा वाड्यांचे वनजमिनीचे दावे आपण पुढे रेटायचे नाहीत, त्यांनी आपल्या आमदाराकडे जावं. ठराव मंजूर झाला नाही, पण फेटाळलाही गेला नाही. “पाहणी करा, मग बघू,” असं म्हणून आम्हा सहा जणांवर काम टाकलं.

म्हणून आज जे सांगतोय ते त्या पाहणीचं आहे. आणि आधीच सांगून टाकतो, की यात लोकांच्या चुका कमी निघाल्यात आणि आपल्या जास्त.

आम्ही चिखलोली, अंबरनाथ, बदलापूरच्या बाजूच्या वाड्यांवर तीन आठवडे फिरलो. दिवाळीनंतर अर्ध्या वाड्या वीटभट्टीवर जातात, कुलूप लावायला सुद्धा घरात कुणी राहात नाही, म्हणून घाई केली. मत कुणाला दिलं असं आम्ही विचारलं नाही. ते विचारायचा आपल्याला हक्क नाही, आणि विचारलं असतं तर समोरच्याला हवं तेच उत्तर मिळालं असतं. आम्ही विचारलं, पाणी कुठनं आणता, उचल कुणाकडनं घेतलीत, प्लॉट कधीपासून कसता, पोरगा शिकतो कुठं. मताचं लोक आपण होऊनच बोलले.

पहिली गोष्ट एका ठाकूर म्हाताऱ्याची. त्याचं नाव घेत नाही. आपल्या प्रत्येक मोर्चात तो पुढे असतो, घोषणा सगळ्यात मोठ्यानं त्याच्या. त्याच्या घरात भिंतीवर इंदिराबाईचं जुनं कॅलेंडर आहे, वर्ष फाटून गेलंय, फोटो राहिलाय. त्याच्या बाजूला बाबासाहेब. दाराच्या वर साईबाबा. घराच्या मागे वाघदेव, त्याला वर्षाचं कोंबडं चुकत नाही. नातू कल्याण आश्रमाच्या वसतिगृहात, तिथं त्याला ‘वनवासी’ म्हणतात. म्हातारा म्हणाला, “ते वनवासी बोलतात, तुमी आदिवासी बोलता, फारेस्टवाला अतिक्रमणवाला बोलतो. पोराला दोन टायमाचा भात मिळतो नी वाचायला येतं, मंग काय बोलायचा तो बोलू दे.” अयोध्येला देऊळ व्हावं असं त्याला वाटतं. बायकोला बरं नव्हतं तेव्हा नवस केला होता तो मलंगगडावरच्या बाबाचा, आणि फेडलाही. जमीन कसेल त्याची झाली पाहिजे हे तर तो आपल्यापेक्षा चांगलं सांगतो.

आता ह्या माणसाला कुठल्या खणात टाकायचं? आपल्याकडे चार खण आहेत. लाल, भगवा, पंजा-घड्याळ आणि निळा. म्हातारा चारही खणांत आहे आणि एकाही खणात नाही.

इथं थोडं थांबून उलटी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही लोकांची आरतीच ओवाळतोय. हाच म्हातारा म्हणाला, एमआयडीसीतली सगळी कामं भय्यांनी नेली, त्यांना गाडीत घालून पाठवा. आणि प्लॉटवर बायकोचं नाव लावायचं म्हटलं तर गप्प बसला. पोरीचा विषय काढला तर उठूनच गेला. लोकांच्या मनात सगळं मिसळलेलं असतं म्हणजे सगळं गोडच असतं असं नाही. त्याच्याशी भय्या आणि बायको या दोन मुद्द्यांवर भांडावं लागेल. पण त्याला ‘शिवसेनेचा झाला’ म्हणून सोडून दिलं, तर ते भांडण करणार कोण?

मलंगगडाचं नाव निघालं म्हणून. इथून डोळ्यांना दिसणारा डोंगर आहे. गेली काही वर्षं माघी पौर्णिमेला तिथं घोषणा, पोलीस बंदोबस्त, पेपरात बातम्या, हे सगळं असतं. बाहेरच्या माणसाला वाटेल, इथले सगळे एकतर ह्या बाजूचे नाहीतर त्या बाजूचे. पण दर्ग्याची वहिवाट पिढ्यान् पिढ्या एका ब्राह्मण घराण्याकडे आहे, आणि वर चढणाऱ्यांत आगरी, ठाकूर, कातकरी, मुसलमान, सिंधी सगळे असतात. कातकरी बाया तिथं पायथ्याला करवंदं विकतात आणि वर जाऊन नारळही फोडतात. घोषणा देणारा पोरगा आणि नवस फेडणारी त्याची आई एकाच घरातनं निघतात. आम्हाला असं एक घर भेटलंच.

आणि अंबरनाथचंच बघा ना. शिवसेना म्हणजे मुसलमानांच्या विरोधात, हे आपण भाषणांत किती वेळा बोललो असू. अंबरनाथनं शिवसेनेचे साबीरभाई शेख 1990, 1995 आणि 1999 असे तीन वेळा आमदार केले. 1995 च्या युती सरकारात ते कामगार मंत्री होते. शिवाजी महाराजांवर, किल्ल्यांवर बोलायला उभे राहिले की माणसं ऐकत बसायची. ह्यावरून शिवसेनेचं धोरण बदललं असं आम्ही म्हणत नाही. 1992-93 ला मुंबईत जे झालं ते झालंच. पण त्यांना मत देणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते पक्षाच्या भाषणावरून कळेल, हा आपला समज इथं तीन वेळा खोटा ठरलाय. त्याच अंबरनाथनं ह्या वेळी राष्ट्रवादीचे किसन कथोरे निवडले. एप्रिलमध्ये लोकसभेला ठाण्यातून शिवसेनेचे प्रकाश परांजपे निवडून आले, ऑक्टोबरमध्ये अंबरनाथला घड्याळ. सहा महिन्यांत माणसं बदलली का? माणसं तीच.

तुमच्यातले काही गिरणी कामगारांच्या घरातले आहेत. परळ-लालबागला राहवेना म्हणून तुमचे आईवडील अंबरनाथ-बदलापूरला आले. त्यांना विचारा. 1982 चा संप, डॉक्टर सामंतांच्या मागे लाखो कामगार. 1984 च्या डिसेंबरात देशभर इंदिराबाईंच्या मृत्यूनंतरची काँग्रेसची लाट, तरी दत्ता सामंत मुंबईतून खासदार झाले. आणि पुढच्याच वर्षी, 1985 ला, मुंबई महापालिका शिवसेनेच्या हातात गेली. आपल्या पुस्तकात लिहिलंय ‘कामगारांची वर्गजाणीव कमी पडली’. चाळीतल्या माणसाला विचारलं तर तो सांगेल, “डॉक्टर पगारासाठी, शाखा नळासाठी.” त्याच्या दृष्टीनं त्यात विसंगती काही नव्हतीच.

आपल्या जिल्ह्याच्या वरच्या टोकाला तलासरी. 1945 ला वारल्यांनी गवत कापायचं बंद केलं, वेठबिगार मोडली, गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर त्यांच्यात राहिले. तिथं लाल बावटा अजून टिकलाय. तो कुणी सिद्धांत शिकवला म्हणून टिकलेला नाही. आज्याच्या पाठीवरचा सावकाराचा फटका घरात सांगितला जातो, म्हणून टिकलाय. 1977 ला डहाणूतून लहानू कोम खासदार झाले. पण त्याच डहाणू मतदारसंघात 1996 ला भाजप, 1998 ला काँग्रेस, 1999 ला पुन्हा भाजप, आणि ह्या वर्षी पुन्हा काँग्रेस. मतदारसंघात सगळेच आदिवासी नाहीत हे खरं. तरीपण ‘आदिवासी म्हणजे पंजा’ असं जे काँग्रेसवाले म्हणायचे आणि ‘आदिवासी म्हणजे लाल’ असं जे आपण म्हणायचो, दोघांनाही एकदा खाली बसून आकडे बघायला हवेत.

आता पैशाची गोष्ट. ती टाळून चालणार नाही.

बदलापूरच्या गाडीत आम्हाला एक मास्तर भेटले. चांगले गृहस्थ, आपलं पत्रक वाचून घेतलं. म्हणाले, “तुमचं काम चांगलं आहे हो, पण ही माणसं बाटलीला मत विकतात, त्याला काय करणार?” आम्हाला राग आला. पण त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयात तेच वाक्य आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकलेलं होतं, तेव्हा मास्तरांना काय बोलणार?

वाडीवर काय घडतं ते सांगतो. पैसे येतात. बाटलीही येते. एक कातकरी बाई म्हणाली, “दोघांनी दिलं, दोघांचापन घेतला. मत तं एकच हाय ना, ते कसा दोघांना देयाचा?” बाजूच्या बाया हसल्या. पण सगळ्याच अशा हुशारीनं वागतात असं समजू नका. दुसऱ्या एका घरात नवरा म्हणाला, ज्याचं मीठ खाल्लं त्याला फसवलं तर पाप लागतं. त्याच्या बायकोनं मात्र वेगळीकडे दिलं आणि त्याला सांगितलं नाही. आम्हाला सांगितलं, तेही विहिरीवर.

खरी दोरी बाटलीत नाहीच. ती उचलीत आहे. मतदान होतं 13 ऑक्टोबरला. त्याच दिवसांत भट्टीवाल्या शेठचा मुकादम वाडीत येऊन उचल वाटतो. पावसाळ्यात खाल्लेली उधारी, पोराचं आजारपण, दिवाळीचा बाजार, सगळं त्या उचलीतून. मुकादम म्हणाला अमुक चिन्ह, तर ते शंभराच्या नोटेचं वजन नाही, सहा महिन्यांच्या भाकरीचं वजन आहे. त्याला ‘विकला गेला’ म्हणणं म्हणजे वेठबिगाराला आळशी म्हणण्यासारखं आहे. आपण उचलीच्या प्रश्नावर गेल्या दोन वर्षांत एक तरी बैठक घेतली का? वहीत शोधली. नाही सापडली.

जाहीरनाम्यांचं तर सोडाच. ह्या वेळी सगळ्यात गाजलं ते शेतकऱ्याला मोफत वीज. बाळासाहेबांनी आधी जाहीर केलं, मग शिंदे सरकारनं देऊनच टाकली. आम्ही एका वाडीवर विचारलं, ह्याचा काय परिणाम झाला? एक पोरगा म्हणाला, “मोफत हाय तं खांबपन मोफत लावा.” चिखलोलीच्या धरणाचं पाणी अंबरनाथ शहराला जातं, आणि धरणाच्या आसपासच्या वाड्यांवरच्या बाया एप्रिलात झऱ्यावर वाट्यांनी हंडा भरतात. त्यांना विजेच्या बिलाचं काय सांगता?

आता जे सांगायचं ते जड आहे.

आपल्या यादीत एका कातकरी वाडीपुढे पेन्सिलनं ‘से.’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे सेनेची. हे कुणी लिहिलं ते शोधत बसायला नको, आम्हा सहांपैकी दोघांना ते तेव्हाच माहीत होतं आणि आम्ही खोडलं नाही. 3 मे 2002 ला दिल्लीहून पत्र निघालं, वनजमिनीवरची अतिक्रमणं 30 सप्टेंबरच्या आत काढा. मग आपण सगळ्यांनी बोंब मारली, आणि राज्य सरकारचा 10 ऑक्टोबर 2002 चा ठराव आला, की गावपातळीवर दाव्यांची तपासणी करा. आपण वाडीवाडीनं दावे लिहिले, पंचनामे केले, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, पोच घेतली. चांगलं काम झालं. गेल्या वर्षी जानेवारीत त्या ‘से.’ वाडीतले दोन बाप्ये कार्यालयात आले. आमचेपण लिहून घ्या म्हणाले. आम्ही चहा दिला. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो. नाही कुणी म्हणालं नाही. तो पुढचा आठवडा आलाच नाही.

ह्या जूनमध्ये तिथं वनीकरणाचे खड्डे पडले. सात घरांच्या नाचणी-वरीच्या जागेत. गार्डनं विचारलं, दाव्याची पोच आहे का? नव्हती. शेजारच्या ओढ्यापलीकडे ‘आपली’ वाडी आहे, तिथंही तोच गार्ड गेला होता. तिथल्या बाईनं प्लास्टिकच्या पिशवीतनं पोच काढून दाखवली, तो परत गेला. ओढा रुंदीला आठ-दहा पावलं आहे.

आम्ही त्या वाडीवर गेलो तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवली होती. कुणी शिव्या दिल्या नाहीत. ते जास्त लागलं. एका म्हातारीनं बसायला गोणपाट टाकलं आणि विचारलं, “ताई, तवा आला नाय, वाट चुकली का?”

मग झेंड्याचं विचारलं. झेंडा कसा आला? तीन वर्षांपूर्वी एका पोराला रात्री साप चावला. शहरातल्या शाखेची गाडी आली, पोराला दवाखान्यात नेलं, पोरगा वाचला. त्यानंतर बापानं वाडीच्या तोंडाला बांबू रोवला. एवढंच. त्या बापाला आम्ही विचारलं नव्हतं तरी त्यानं सांगितलं, की ऑक्टोबरात त्यानं घड्याळाला मत दिलं, कारण रस्ता करून देतो म्हणाले. झेंडा मात्र काढणार नाही. “पोरगा जिता हाय ना समोर,” म्हणाला.

आणि ज्या ‘आपल्या’ वाडीतून ट्रक भरून येतात, त्यांनी धनुष्यबाणाला का दिलं? तिथली वाडी खासगी मालकाच्या जागेवर आहे. पन्नास वर्षांची घरं, सातबारा मालकाचा, घराखालच्या जमिनीचा चिटोरा नाही. आता बिल्डरचे लोक कुंपणाचे खांब घेऊन येऊन गेलेत. मालकाचा भाऊ त्या पक्षाचा. तो म्हणाला, निवडणुकीपर्यंत कुंपण घालत नाही, आणि पुढचंही बघतो. त्यांनी कुंपणाविरुद्ध मत दिलं, साथींनो. आपण त्याला भगवं मत म्हणून मोजलं. घरठाणाचा प्रश्न आपल्या मागणीपत्रात चौदाव्या नंबरवर आहे.

काही तरुण साथी कालपासून विचारतायत, मग पक्षापक्षांत काही फरकच नाही असं म्हणायचंय का? तसं नाही. फरक आहे, आणि तो बघायलाच हवा. पण तोसुद्धा झेंडा बघून कळत नाही, कागद बघून कळतो. 2002 चं हुसकावण्याचं पत्र वाजपेयी सरकारच्या काळातलं. त्याच सरकारनं निवडणूक तोंडावर आल्यावर, ह्या वर्षी 5 फेब्रुवारीला, 1993 अखेरपर्यंतच्या आदिवासींच्या जमिनींना मान्यता द्यायचं पत्रक काढलं. सर्वोच्च न्यायालयानं तीन आठवड्यांच्या आत ते थांबवलं. आता नव्या दिल्ली सरकारच्या किमान समान कार्यक्रमात लिहिलंय की आदिवासींना जंगलातून हुसकावणं बंद करू. राज्यात तर पाच वर्षं काँग्रेस-राष्ट्रवादीच होती, आणि तरी जूनमध्ये खड्डे पडले. वाडीवरची माणसं हे सगळं तारखांसकट सांगत नाहीत, पण गार्डची वर्दी कुठल्याच सरकारात बदलली नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणून ती कुठल्याच झेंड्याला कायमची बांधून घेत नाहीत. आपण त्याला ‘जाणीव नाही’ म्हणतो.

आपल्याबद्दलही लोकांचे शिक्के आहेत बरं का. संघटनावाले म्हणजे नक्षलवादी, देव मानत नाहीत, बायकांना फितवतात, परदेशातून पैसे घेतात. एका वाडीत आम्हाला प्रसाद द्यावा की नाही यावर कुजबुज झाली. आम्ही हात पुढे केला तेव्हा सगळे हसले. आपल्यातले दोघे देव मानत नाहीत, एक पंढरपूरला जातो, एकीचा शनिवारचा उपास असतो. आपल्या सहा जणांतच एवढी भेसळ आहे, तर तीनशे घरांत ती का नसावी?

आमच्या गटाच्या सूचना थोड्या आहेत. एक, तो ठराव मागे घ्यावा, नुसता बाजूला ठेवू नये. मागे घेतला असं वहीत लिहावं. दोन, यादीतली सगळी पेन्सिलची अक्षरं आज जेवणानंतर इथंच सगळ्यांसमोर खोडावीत, खोडरबर आणलंय. तीन, घरठाण चौदाव्या नंबरवरून वर घ्यावं, आणि उचलीचा विषय नव्यानं घालावा. भट्टीवर जाऊन बैठका घ्याव्या लागतील, कारण एप्रिलपर्यंत माणसं तिथंच असणार आहेत. चार, कुठल्याही वाडीवर दावे लिहायला गेल्यावर मताचा विषय आपण काढायचा नाही. लोकांनी काढला तर ऐकायचं आणि आपलं मत काय ते सरळ सांगायचं, लपवायचं नाही.

त्या सात घरांचे दावे राहिलेत. त्यांतली पाच कुटुंबं येत्या सोमवारी भट्टीवर निघतायत, उचल घेतलेली आहे, थांबू शकत नाहीत. म्हणजे उद्या आणि परवा एवढेच दोन दिवस. जबाबासाठी दोन म्हातारे वाडीतच राहणार आहेत. जूनमध्ये बुजलेल्या बांधांच्या खुणा अजून दिसतात, त्या आधी कागदावर घ्यायला हव्यात, गवत वाळलं की वणव्यात जातील. आम्ही सहा जण जातोच आहोत. मोजणीची साखळी धरायला आणखी चार जण पाहिजेत, आणि ज्याचं अक्षर चांगलं आहे असा एक. सकाळी साडेसहाला नाक्यावर. भाकरी बरोबर आणा, त्यांच्याकडे जेवायचं नाही, भात संपत आलाय.